पुन्हा पाण्यात : झ्युरिकमधले सहा दिवस

सोमवार

कराडहून निघताना माझ्या मनात बर्फाचे डोंगर होते. लेक म्हणाली, "आई, डोंगर पुढच्या आठवड्यात, सगळे मिळून. हा आठवडा आपण तिघी शहरातच फिरू. उन्हाळ्यात ही माणसं आपल्या गावात कशी राहतात ते तू बघायला हवंस." नातीच्या शाळेला सुट्टी लागली होती, लेकीने रजा काढली होती. जुलैचे शेवटचे दिवस, उकाडा तीस अंशांच्या आसपास.

दुपारी बाराच्या सुमाराला ट्रॅमने ब्युर्कलीप्लाट्झला उतरलो. समोर तळं. 'तळं' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर गावाबाहेरचं तळं येतं. हे चाळीस किलोमीटर लांब आहे, पलीकडचं टोक दिसतच नाही. पूल ओलांडून उजव्या हाताला वळलो आणि मी थांबलेच. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. बसलेली माणसं, पाण्यात सोडलेले पाय, खालच्या पायरीवर ओली पोरं. झ्युरिकला घाट आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. इथले लोक त्याला लाडाने 'रिव्हिएरा' म्हणतात, असं लेक म्हणाली. मी मात्र सहाही दिवस घाटच म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसापासून नातही तसंच म्हणायला लागली.

पायरीवर बसून डबा सोडला. मेथीचे ठेपले आणि दही. शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस येऊन बसला. त्याने शर्ट काढून घडी केला, पँट काढली, आत पोहायची चड्डी होतीच. पाण्यात गेला, दहा-पंधरा मिनिटं पोहला, बाहेर येऊन अंग पुसलं, सँडविच खाल्लं, कपडे घालून कामावर गेला. थोड्या वेळाने दोन बायका आल्या, माझ्याहून मोठ्या असाव्यात. एकीच्या गुडघ्याला पट्टा होता. तिने तो सोडून पिशवीत ठेवला आणि कठड्याला धरून उतरली. पाण्यात गेल्यावर तिचा गुडघा कुठे दुखतच नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिले.

हा काठ पूर्वी असा नव्हता. १८८१ ते १८८७ या सहा वर्षांत पाण्यात भर घालून हे रस्ते, ही झाडं, हे बांधीव किनारे तयार झाले. आर्नोल्ड ब्युर्कली नावाच्या अभियंत्याचं हे काम, म्हणून चौकाला त्याचं नाव. भर घालून मिळालेली जमीन किती मोलाची असेल! तिथे सगळीकडे बंगले आणि कुंपणं उठू शकली असती. त्याऐवजी गावाला फिरायला, बसायला जागा ठेवली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयावर आज मी कराडची बाई ठेपले खात बसले होते.

तहान लागली तशी नात म्हणाली, "आजी, बाटली कशाला? कारंजं आहे ना." शहरात अशी बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. मी ओंजळ धरली. गार, गोड पाणी. झ्युरिकच्या पिण्याच्या पाण्यातलं सत्तर टक्के या तळ्यातूनच येतं. म्हणजे मघाचा तो शर्टवाला ज्या पाण्यात पोहत होता, तेच गाळून, शुद्ध होऊन लेकीच्या स्वयंपाकघरात येतं. ही गोष्ट मला दिवसभर पुरली.

मंगळवार

आज लेकीच्या घराजवळची 'बादी'. बादी म्हणजे उघड्यावरची पोहायची जागा, हा इथल्या बोलीतला शब्द. दर मोहल्ल्याची आपली एक बादी असते आणि माणसं तिच्याबद्दल आपण गावच्या तालमीबद्दल बोलावं तसं बोलतात. आमची लेट्सिग्राबेनची.

आत पाऊल टाकलं तर आधी बाग लागली. हिरवळ, चढउतार, मोठी झाडं, फुलझाडांचे ताटवे, आणि त्यांच्या मधोमध निळे हौद. इमारती ठेंगण्या, झाडांच्या वर मान न काढणाऱ्या. ही बादी १९४९ साली उघडली आणि ती बांधणारा माणूस माक्स फ्रिश. पुढे लेखक म्हणून तो जगभर गाजला, पण तेव्हा तो वास्तुविशारद होता आणि १९४३ साली स्पर्धा जिंकून त्याने हे काम मिळवलं होतं. लेखणीकडे पूर्ण वळण्याआधी त्या हातांनी गावातल्या साध्या माणसांना पोहायला जागा करून दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. एका झाडाखाली चादर अंथरली. आजूबाजूला दहा तरी भाषा ऐकू येत होत्या. बटाट्याच्या तळलेल्या कापांचा वास, ओल्या गवताचा वास, आणि पोरांचा तो एकच एक आवाज, जो जगात कुठेही पाण्याजवळ सारखाच असतो.

नात उथळ हौदात होती. मी काठावर बसून पाय सोडले. लेक म्हणाली, "तुझ्यासाठी ड्रेस आणलाय मी. गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा. उथळात नुसती उभी राहा, मी धरते." मी म्हणाले, "धरायला कशाला हवंय? मला येतं पोहायला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादी परकी बाई. चाळीस वर्षांची माझी लेक, आणि हे तिला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. मग त्या हौदाच्या काठावर बसून सांगितलं.

आमची मळ्यातली विहीर चौकोनी, काळ्या दगडात बांधलेली, एका अंगाने पायऱ्या. मोटेचं थारोळं होतं, पण मोट माझ्या जन्माआधीच थांबलेली. मला अण्णांनी पोहायला शिकवलं, सातव्या वर्षी. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं असतं. त्याचा बिंडा करून त्यांनी तो माझ्या पाठीला दोरीने आवळला आणि पायऱ्यांवरून मला पाण्यात ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, मी किंचाळले, पण बिंड्याने मला वर धरलं. दोन उन्हाळे बिंडा होता. तिसऱ्या उन्हाळ्यात अण्णांनी दोरी न सांगता सोडली होती आणि मला ते पलीकडच्या भिंतीला हात लागल्यावर कळलं. मग काय! भाऊ, चुलतभाऊ, शेजारच्या वस्तीवरची पोरं, आणि त्यांच्यात परकर खोचलेली मी. थारोळ्यावरून मुटका मारायचा, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धाडकन पाण्यात. पाणी उडून पायऱ्यांवर बसलेल्यांना भिजवलं तर तो खरा मुटका. तळाशी बुडी मारून मूठभर गाळ वर आणायचा, तळ गाठल्याचा पुरावा म्हणून. आंबे विहिरीत टाकून गार करायचे आणि बुडी मारून काढायचे.

बाराव्या वर्षी एका दुपारी मी विहिरीकडे निघाले, तर आजी दारात उभी होती. "आता पुरं झालं. पोरीच्या जातीनं आता हिरीवर जायचं न्हाई." एवढंच. अण्णा पडवीत पान लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी आजीला कधीच दोष दिला नाही, तिच्या आजीनेही तिला हेच सांगितलं असणार. पण अण्णांची ती खाली घातलेली मान मी पन्नास वर्षं विसरले नव्हते.

लेक काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या तुला एका ठिकाणी नेते."

बुधवार

तळं संपून लिम्माट नदी जिथे सुरू होते, तिथून थोडंसं खाली, नदीच्या पाण्यावर एक लाकडी इमारत उभी आहे. कोपऱ्यांवर छोट्या घुमट्या, नक्षीच्या कडा, आणि तिच्या मागे फ्राउम्युन्स्टर चर्चचा निमुळता हिरवा मनोरा. १८८८ सालची ही फ्राउएनबादी, फक्त बायकांची पोहायची जागा. भर शहरात, बँका आणि घड्याळांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर.

त्या काळी बहुतेक घरांत न्हाणीघर नसायचं. माणसांनी स्वच्छ राहावं, रोगराई टळावी, म्हणून गावाने नदीवर अशी स्नानघरं बांधली. उंच भिंतींच्या आत मोकळा चौकोन, खालून नदी वाहती. पुढे घरोघर न्हाणी आली. अशी स्नानघरं मग मोडून टाकणं सोपं होतं, पण ही राहिली. पुरुषांसाठीची अशीच एक जुनी जागा जवळच्या शांझेनग्राबेन कालव्यावर आहे, ती तर १८६४ सालची.

दारात पैसे भरले. आत गेले आणि पहिली जाणीव झाली ती पायाखालच्या फळ्यांची. उन्हाने तापलेल्या, करड्या पडलेल्या, आणि त्यांच्या फटींतून खाली हिरवं पाणी सरकताना दिसतं. आमच्या जुन्या घराच्या माडीवर अशाच फळ्या होत्या. मध्ये दोन हौद, पण हौद म्हणजे नदीच, चारी बाजूंनी लाकडाने वेढलेली. एक उथळ, दुसरा खोल. फळ्यावर खडूने आजचं तापमान लिहिलं होतं : पाणी २३.

आणि बायका. किती प्रकारच्या बायका! पुस्तक वाचत पालथी पडलेली कॉलेजातली मुलगी. पोटुशी बाई, उताणी, डोळे मिटून. सत्तरी ओलांडलेल्या तिघी जणी पत्ते घेऊन बसलेल्या, त्यांच्या अंगावर म्हातारपणाच्या सगळ्या खुणा उघड्यावर, आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नव्हतं. एकीच्या छातीवर शस्त्रक्रियेची लांब रेघ होती. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, हजारो बायकांमध्ये वावरले, पण इतक्या बायकांना एकत्र इतकं निवांत बसलेलं मी कुठे पाहिल्याचं आठवेना. हळदीकुंकवाला नाही, वारीच्या मुक्कामीसुद्धा नाही. तिथे कुणी ना कुणी तरी काहीतरी काम करतच असतं.

कपडे बदलून आले. गुडघ्यापर्यंतचा तो ड्रेस घालून उभी राहिले तेव्हा हात आपोआप पदर सावरायला खांद्यावर गेला. पदर नव्हता. पायऱ्यांच्या कठड्याला धरून एक पाऊल टाकलं. गार. दुसरं. पोटरी, गुडघा, मांडी. कमरेला पाणी लागलं तसा श्वास अडकला. लेक पलीकडच्या काठावर बसली होती. तिने हात पुढे केला नाही, आणि ते तिने फार बरं केलं.

मी सोडून दिलं स्वतःला.

हात विसरले नव्हते. पायांना आधी काही सुचेना, मग त्यांनाही आठवलं. डोकं वर ठेवून, विहिरीतल्या पोरी पोहतात तसं, हाताने पाणी मागे ओढत. नदीची हलकी ओढ अंगाला जाणवत होती. विहिरीचं पाणी उभं असतं, हे चालतं होतं. दहा-बारा हातांत लाकडी भिंत आली आणि मी तिला हात लावला. धाप लागली होती. भिंतीला धरून तशीच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड ओलंच असल्यामुळे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मला अण्णा आठवले, विहिरीच्या काठावर दोरी हातात घेऊन उभे असलेले. पडवीतले नाहीत. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते आठवले.

परत आले. मग पुन्हा गेले. किती वेळा ते मोजलं नाही. बाहेर आल्यावर त्या पत्तेवाल्यांपैकी एकीने मला अंगठा उंचावून दाखवला, आणि आपल्या डब्यातली चेरी पुढे केली. तिला मराठी येत नव्हतं, मला जर्मन. आम्ही दोघींनी बिया मुठीत धरल्या आणि हसलो.

संध्याकाळी बायकांची वेळ संपली की ही जागा बदलते. सगळ्यांना आत येता येतं, पुरुषांनाही, पण चपला-बूट दारात काढून. म्हणूनच त्या बैठकीचं नाव 'अनवाणी बार'. आम्ही लिंबू सरबत घेऊन फळ्यांवर बसलो. जावईही कामावरून थेट आले आणि त्यांनी बूट काढून रांगेत लावले. देवळात शिरताना काढावेत तसे.

निघताना तळ्याच्या काठावर नारिंगी दिवा लुकलुकत होता. नातीने मला घड्याळ धरायला सांगितलं आणि स्वतः मोजलं. मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकला तर जोराचा वारा येऊ शकतो, सावध राहा. नव्वद वेळा म्हणजे वादळ येतंय, ताबडतोब बाहेर निघा. चाळीस भरले.

रात्री ह्यांना फोन केला. सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती खोल होतं?" मी म्हणाले, "डोक्याच्या वर." ते म्हणाले, "उद्या परत जाणार?"

गुरुवार

दिवा खरा ठरला. रात्रीपासून पाऊस. हातपाय असे दुखत होते की खांद्याला बाम चोळून घ्यावा लागला, पण त्या दुखण्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

दुपारी उघडीप मिळाली तेव्हा लिंडेनहोफ टेकडीवर गेलो. खाली नदी, वर लिंडनची झाडं, जमिनीवर मोठ्या पटावर बुद्धिबळ खेळणारी माणसं, गुडघ्याएवढी प्यादी उचलून ठेवणारी. इथे रोमन काळात किल्ला होता. या टेकडीवर १७४७ साली एक थडग्याचा दगड सापडला आणि त्यावर शहराचं जुनं नाव, तुरिकुम, पहिल्यांदा वाचायला मिळालं. थडगं कुणा सरदाराचं नाही, एका जकात अधिकाऱ्याच्या बाळाचं. एक वर्ष, पाच महिने, पाच दिवस. आईबापांनी दिवससुद्धा मोजून कोरले, म्हणून या एवढ्या मोठ्या शहराला आपल्या नावाचा पुरावा मिळाला. दगडाची प्रतिकृती टेकडीकडे चढणाऱ्या गल्लीत भिंतीला लावलेली आहे. मी त्या ओल्या दगडाला हात लावला.

वर एक कारंजं आहे, त्यावर चिलखत घातलेली बाई. १२९२ सालची आख्यायिका सांगतात : हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सैन्याने वेढा दिला, गावातले पुरुष लढाईत खर्ची पडलेले, तेव्हा बायकांनी चिलखतं चढवून, भाले घेऊन या टेकडीवर फौज उभी केली. शत्रूला वाटलं, नवं सैन्य आलं, आणि तो फिरला. नातीने मला ती गोष्ट शाळेत शिकवल्यासारखी सांगितली. मी तिला ताराबाईंची सांगितली, आणि मग पाऊस पुन्हा सुरू झाला.

शुक्रवार

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ब्युर्कलीप्लाट्झला भाजीचा नि फुलांचा बाजार भरतो. जर्दाळू घेतले, अगदी पिकलेले, आणि ट्रॅमने मुख्य स्टेशनला आलो. स्टेशनच्या मागे राष्ट्रीय संग्रहालय, आणि त्याच्या मागे प्लाट्झस्पिट्झ नावाची बाग. निमुळत्या जिभेसारखी. दोन्हीकडून नद्या येतात आणि टोकाला भेटतात : लिम्माट हिरवी, झील काल रात्रीच्या पावसाने गढूळ.

संगम म्हटला की मी कराडचीच. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून प्रीतिसंगम. इथल्या दोघी कुशीला कुशी लावून येतात आणि बराच वेळ एकीचं हिरवं, दुसरीचं मातकट पाणी वेगवेगळं वाहत राहतं. चिनाराच्या मोठ्या झाडांखाली आजोबा-आजी बाकांवर, पोरं गवतावर. शांत जागा.

ही शांतता कशी आली, ते मला लेकीच्या शेजारच्या बाईंनी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या इथेच जन्मलेल्या. १९८०च्या दशकात शेवटी शेवटी या बागेत नशेची बाजारपेठ उघड्यावर भरायची. शहराने ती इथे चालू दिली होती. दिवसाला शेकडो, कधी हजारो माणसं, झाडांखाली सुया टोचून घेणारी. 'सुयांची बाग' असं तिचं नाव जगभर झालं होतं. १९९२च्या फेब्रुवारीत बागेला कुलूप लागलं, तर सगळं थोडं पुढे, नदीकाठच्या लेटेन स्टेशनात गेलं. तिथली रेल्वे बंद पडलेली, स्टेशन ओसाड. १९९५च्या फेब्रुवारीत तेही बंद केलं. पण या वेळी नुसती माणसं हाकलली नाहीत. उपचारांची केंद्रं, निवारे, स्वच्छ सुया, आणि ज्यांची नशा सुटतच नव्हती त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध म्हणून हेरॉइन, असा मार्ग या देशाने धरला. तेव्हा लोकांनी त्याला पुष्कळ नावं ठेवली. बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातली दोन मुलं त्या बागेत गेली, ती परत आली नाहीत. तिथून जाताना अजून माझे पाय जड होतात."

आम्ही नदीकाठाने चालत त्याच लेटेनला गेलो. आज ती शहरातली सगळ्यात गजबजलेली पोहायची जागा आहे आणि तिला तिकीट नाही. जुन्या रुळांच्या बाजूला लांबच लांब लाकडी फळ्या, त्यांवर शेकडो तरुण अंग टाकून पडलेले. चारशे मीटर लांबीचा प्रवाह. वरच्या टोकाला उडी मारायची, पाण्याबरोबर वाहत यायचं, खाली कठडा पकडून बाहेर पडायचं आणि चालत पुन्हा वर. पुलावरून पोरं उड्या मारत होती. एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि पाणी काठापर्यंत उडालं. मी जोरात म्हणाले, "मुटका!" आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं.

लेक वाहत आली, मला हात दाखवून पुढे गेली. मी उतरले नाही. नदीची ओढ मला समजते आणि बासष्टाव्या वर्षी माझ्या हातांत किती बळ आहे तेही समजतं. पाय सोडून बसले आणि नातीबरोबर जर्दाळू खाल्ले.

तिथे बसल्या बसल्या मला कृष्णेचा विचार काही सोडेना. लहानपणी मी संगमावर ओंजळीने पाणी प्यायले आहे. आज मी नातीला तिथे चूळसुद्धा भरू देणार नाही. हे माझ्या हयातीत झालं. मी मोठी होत असताना, मुलांना शिकवत असताना, डोळ्यांदेखत. पण या तळ्याचं, या नदीचंही तेच झालं होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला सांडपाणी आणि साबणातला फॉस्फेट यांमुळे तळ्यात शेवाळ माजलं होतं. मग गावोगाव सांडपाणी शुद्ध करायची केंद्रं उभी केली, आणि १९८६ साली सगळ्या देशात कपड्यांच्या साबणात फॉस्फेट घालायला बंदी आली. दशकं लागली. पण पाणी परत आलं. पाण्याला संधी दिली की ते परत येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काल-परवा ते माझ्या अंगाला लागलं.

घरी जाताना नात म्हणाली, "आजी, तुमच्या नदीत पण आपण असं पोहू या ना." मी तिला खोटं बोलले नाही. "अजून नाही," एवढंच म्हणाले.

शनिवार

आज पाचही जण. पाचवी लेकीची मैत्रीण, पुण्याची, इथेच नोकरी करते. सकाळी झ्युरिखहोर्नच्या चिनी बागेत गेलो. लाल भिंत, आत छोटं तळं, वाकडे पूल, रंगीत मंडप. पाइन, बांबू आणि हिवाळ्यात फुलणारं प्लम, थंडीत साथ न सोडणारे हे तीन मित्र, अशी बागेची कल्पना. ही बाग चीनच्या कुनमिंग शहराने झ्युरिकला भेट दिलेली आहे. कशाबद्दल? तर कुनमिंगचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था उभारायला झ्युरिकच्या लोकांनी मदत केली, त्याची ही परतफेड. गटारं आणि नळ यांच्या मोबदल्यात बाग! मला ती भेट राजाने राजाला दिलेल्या कुठल्याही रत्नापेक्षा मोठी वाटली. बाकी, शनिवार असल्याने गर्दी फार होती. आम्ही लवकर निघालो.

तिथून काठाने दहा-पंधरा मिनिटं चालत टीफेनब्रुनेनची बादी. १९५४ सालची. झाडं, उतरती हिरवळ, आणि तळ्यात काढलेले गोलाकार उथळ हौद, लहानांसाठी. त्यांच्यापलीकडे मोकळं तळं, आणि त्यात लांब एक लाकडी तराफा बांधलेला.

मी तराफ्याकडे बघत होते. लेकही माझ्याकडे बघत होती. "जायचं?" तिने विचारलं. मी काठावरच्या दिव्याकडे पाहिलं. बंद होता. जीवरक्षक आपल्या जागेवर होता.

आम्ही दोघी उतरलो. पहिले काही हात सोपे. मग खाली बघितलं आणि तळ दिसेनासा झाला, नुसता हिरवा अंधार. विहिरीत भिंत कायम दिसत असते, इथे भिंतच नाही. छातीत धडधड सुरू झाली. लेक दोन हातांवर होती, तिने वेग कमी केला. "आई, उताणी हो," ती म्हणाली. मी उताणी झाले. कान पाण्याखाली गेले आणि काठावरचा सगळा गलका बंद झाला. फक्त माझा श्वास. वर आभाळ, लांब दक्षिणेकडे डोंगर, बर्फाचे. ज्यांच्यासाठी मी आले होते ते. धडधड उतरली तशी पालथी झाले आणि हात मारायला लागले. तराफ्याच्या ओल्या लाकडाला हात लागला.

शिडीने वर चढायला लेकीने खालून आधार दिला, हे सांगायलाच हवं. वर दोन मुली बसल्या होत्या, त्या सरकल्या. आम्ही तराफ्यावर पाय सोडून बसलो. लेक म्हणाली, "मला का नाही शिकवलंस गं लहानपणी?" मी म्हणाले, "मला वाटलं, माझं ते संपलं." ती माझ्या ओल्या खांद्याला टेकून बसली. काठावरून नात दोन्ही हात हलवत होती.

संध्याकाळी मी गावाला भावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, जेवणं उरकली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "अरे, मळ्यातल्या विहिरीला पाणी आहे?"

"आक्का, श्रावण तोंडावर आलाय, पाणी काठाला हाय. का गं?"

"आणि पायऱ्या?"

"पायऱ्या हाइत. वरून घाणेरी माजलीय लई, दिसत न्हाईत. मोटार बसवल्यापास्नं उतरतंय कोण?"

मी म्हणाले, दिवाळीच्या आधी घाणेरी काढून घे, पायऱ्या घासून घे. आणि बांधावरच्या पांगाऱ्याची एक चांगली फांदी तोडून आतापासूनच वाळत टाक. लेक येणार आहे दिवाळीला, नातीला घेऊन.

"फांदी कशाला?" त्याने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो फोनवर कितीतरी वेळ नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला.